दुधाच्या दातांवर तारा : घाई कोणाची, गरज कोणाची?

ठाण्यात खोपटच्या एस. टी. स्थानकावर उतरून रेल्वे स्थानकाच्या दिशेने चालू लागले की दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या मोजता मोजता दमायला होते. एके काळी अशा पाट्यांवर 'दात काढणे व कवळी बसविणे' एवढाच मजकूर असे. आता बालदंततज्ज्ञ आहेत, तारा बसविणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आहेत, आणि बाहेरून दिसत नाहीत अशा पारदर्शक साच्यांच्या जाहिराती आहेत. दातांविषयीची जाणीव वाढली याचे हे लक्षण आहे, आणि त्याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु या जाणिवेबरोबर मध्यमवर्गीय घरांत एक नवी चिंता शिरली आहे. दुसरी-तिसरीतले मूल शाळेच्या दंततपासणीतून चिठ्ठी घेऊन येते, पालक दवाखान्यात जातात, आणि त्यांना सांगण्यात येते की दात वेडेवाकडे येत आहेत, उपचार आत्ताच सुरू करावा लागेल, पहिला टप्पा आज व दुसरा बाराव्या-तेराव्या वर्षी. पालक खर्च विचारतात. आकडा बहुधा पाच अंकी असतो, आणि तो पहिल्याच टप्प्याचा असतो.

हा सल्ला मानावा की मानू नये? प्रस्तुत लेखक दंतवैद्य नाही, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. पण या प्रश्नाचा अर्धा भाग वैद्यकाचा असला तरी उरलेला अर्धा निर्णयाचा व खर्चाचा आहे, आणि त्याविषयी अर्थशास्त्राला काही सांगता येते. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर जो सुप्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचे सूत्रच असे होते की या बाजारात विकणाऱ्याजवळ जे ज्ञान असते ते घेणाऱ्याजवळ नसते, आणि म्हणून हा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालत नाही. पुढे १९७३ मध्ये डार्बी व कार्नी या दोघांनी अशा सेवांचा वेगळा वर्गच कल्पिला. टोमॅटो चांगला की वाईट हे घेण्यापूर्वी दिसते, कुकर चांगला की वाईट हे वापरल्यावर कळते; पण काही गोष्टी अशा असतात की त्या घेऊन, वापरून, पैसे फेडून झाल्यावरही त्यांची गरज होती की नाही हे घेणाऱ्याला उमगत नाही. त्या केवळ विश्वासावर घ्याव्या लागतात. आठव्या वर्षी केलेला दातांचा उपचार हा या वर्गाचा अगदी नमुनेदार मासला म्हणावा लागेल. मुलाचे दात चौदाव्या वर्षी सरळ झाले, तर ते पहिल्या टप्प्यामुळे झाले की दुसऱ्या टप्प्याने ते एरवीही झालेच असते, हे त्या एका मुलाकडे पाहून कोणालाच सांगता येणार नाही. पालकांना नाही, आणि दंतवैद्यांनाही नाही.

मुळात या वयात तोंडात काय चाललेले असते ते थोडे पाहिले पाहिजे. दुधाचे दात वीस. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणताही दात पाडून येत नाही, शेवटच्या दुधाच्या दाढेमागे निमूटपणे उगवते, आणि म्हणून कित्येक आई-वडील तिला दुधाचीच समजतात. त्यानंतर पटाशीचे दात बदलतात आणि मग बाराव्या वर्षापर्यंत तोंडात दुधाचे व कायमचे अशी मिश्र वस्ती राहते. या काळात दात सुबक दिसत नाहीत हे स्वाभाविक आहे. वरच्या दोन मोठ्या दातांत फट असते, बाजूचे दात बाहेर झुकलेले असतात. ब्रॉडबेंट या अमेरिकन संशोधकाने १९३७ साली या अवस्थेला अँडरसनच्या गोष्टीतल्या कुरूप पिल्लाचे नाव दिले ते उगीच नव्हे. वरचे सुळे अकरा-बाराव्या वर्षी खाली उतरले की ती फट पुष्कळदा आपोआप मिटते. शिवाय दुधाच्या मागच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. त्या पडल्यावर दोन्ही बाजूंना थोडी जागा मोकळी होते, आणि समोरच्या दातांची किरकोळ दाटी त्या जागेत सामावून घेता येते. म्हणजे आठव्या वर्षीचे तोंड हे बांधकाम चालू असलेले घर आहे. ते पाहून घर वाकडे झाले असे ठरविणे घाईचे होईल.

येथे एका गोंधळाचा निर्देश केला पाहिजे. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की मुलाची पहिली तपासणी वयाच्या सातव्या वर्षापर्यंत व्हावी. सल्ला योग्यच आहे. पण तो तपासणीचा आहे, तारा बसविण्याचा नव्हे. सातव्या वर्षी पाहावे, बहुतेकांना 'पुढच्या वर्षी या' असे सांगून परत पाठवावे आणि थोड्यांना थांबवून घ्यावे, हा त्याचा मथितार्थ. जाहिरातीच्या भाषेत मात्र 'सातव्या वर्षी तपासा' याचे 'सातव्या वर्षी सुरू करा' असे केव्हा होते हे समजतही नाही.

लवकर केलेल्या उपचाराने शेवटी काय साधते, हे ठरविण्याचा एकच प्रामाणिक मार्ग होता. सारख्या तक्रारीची मुले घ्यायची, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडायचे, एका गटाला लवकर व दुसऱ्याला उशिरा उपचार द्यायचा आणि दोघांची अखेर ताडून पाहायची. वरचे दात पुढे असलेल्या मुलांच्या बाबतीत हे काम अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना व फ्लोरिडा या विद्यापीठांत आणि ब्रिटनमध्ये अनेक रुग्णालयांत मिळून झाले. ब्रिटिश पाहणीत १७४ मुले होती. तिचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये व अखेरचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आरंभी लवकर उपचार घेतलेली मुले पुढे गेलेली दिसली. त्यांचे दात आत आले, चिडवाचिडवी कमी झाली, आत्मविश्वास वाढला. पण दुसरा गटही उपचार घेऊन मोठा झाला तेव्हा जबड्याच्या ठेवणीत, दात काढावे लागण्याच्या प्रमाणात, आत्मविश्वासात, कशातच फरक उरला नाही. उलट लवकर सुरुवात केलेल्यांच्या दवाखान्यातल्या खेपा अधिक झाल्या, उपचार अधिक काळ चालला, आणि दातांची अखेरची बसणी किंचित उणीच निघाली. अशा सर्व चाचण्यांचे एकत्र परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये जो निर्वाळा दिला तो याच्याशी जुळतो. सात ते अकरा वर्षांच्या वयात सुरू केलेल्या दोन टप्प्यांच्या उपचाराचा, कुमारवयातील एका टप्प्याच्या तुलनेत, एकच ठोस फायदा आढळला : पुढे आलेले दात पडून-आपटून मोडण्याचे प्रमाण घटते. हा फायदा क्षुल्लक नाही. मैदानात दिवसभर हुंदडणाऱ्या आणि ज्याचे पटाशीचे दात ओठांबाहेर डोकावतात अशा मुलाच्या बाबतीत तो निर्णायकही ठरू शकतो. परंतु दवाखान्यात पालकांना जे कारण सांगितले जाते ते सहसा हे नसते. 'आत्ता केले तर पुढे करावे लागणार नाही' हे असते. आणि या मुलांच्या बाबतीत नेमके तेच सिद्ध झालेले नाही.

यावरून लवकरचा प्रत्येक उपचार म्हणजे फसवणूक, असा अर्थ कोणी काढील तर तो मोठाच अनर्थ होईल. काही दोष असे आहेत की तेथे थांबणे महागात पडते. खालचे दात वरच्यांच्या पुढे बसत असतील, म्हणजे दातांची ठेवण उलटी असेल, तर वरचा जबडा पुढे ओढणारा मुखवटा सात ते नऊ या वयात लावल्याचा उपयोग होतो. ब्रिटनमधील एका चाचणीत सहा वर्षांनंतर पाहिले तेव्हा, हा उपचार मिळालेल्यांपैकी ३६ टक्के मुलांना पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल असे तज्ज्ञांना वाटले. न मिळालेल्यांत हे प्रमाण ६६ टक्के होते. ही फलश्रुती २०१६ साली प्रसिद्ध झाली. दात मिटताना खालचा जबडा एका बाजूला सरकत असेल तर तोही दोष वाढत्या वयातच सुधारावा लागतो. वरचा सुळा टाळूच्या बाजूला भरकटत असल्याचे दहाव्या-अकराव्या वर्षी क्ष-किरण चित्रात दिसले, तर दुधाचा सुळा वेळेवर काढून टाकणे एवढ्यानेच तो पुष्कळदा मार्गावर येतो. एरिक्सन व कुरोल या स्वीडिश जोडीने १९८८ मध्ये तपासलेल्या अशा ४६ सुळ्यांपैकी ३६ मार्गावर आले होते. तारांच्या दृष्टीने पाहता इतका स्वस्त उपचार दुसरा नाही. कायमचे दात आल्यावरही न सुटलेली अंगठा चोखण्याची सवय, दुभंगलेला ओठ किंवा टाळू ही तर उघडच तातडीची प्रकरणे आहेत. तेव्हा वाद लवकर की उशिरा हा नसून, लवकर का, याचे नेमके उत्तर मिळते की नाही, हा आहे.

मग 'आत्ताच' हा शब्द इतका सर्रास का ऐकू येतो? त्यासाठी कोणाला लबाड ठरविण्याची गरज नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, त्यांतील बहुसंख्य खासगी आहेत आणि तेथील शिक्षण महाग आहे. बाहेर पडणारे पदवीधर खेड्यात जात नाहीत. ते ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या नगरांत एकमेकांच्या शेजारी गाळे घेतात. गाळ्याचे भाडे, खुर्चीचे कर्ज, यंत्रांचे हप्ते हा खर्च रुग्ण येवो न येवो चालूच राहतो. अशा व्यवसायात आठव्या वर्षी आलेले मूल म्हणजे पुढील सहा-सात वर्षांचे गिऱ्हाईक. पैसे मिळतात ते काही केल्याचे. 'काही करू नका, वर्षाने दाखवा' हा बहुधा सर्वांत मोलाचा सल्ला असतो आणि त्याला मोल मात्र मिळत नाही. भल्या माणसाचे मतही ज्या बाजूला उतार असेल तिकडे नकळत वाहते. त्यात पारदर्शक साच्यांच्या कंपन्यांची भर पडली. हा धंदा १९९७ साली अमेरिकेत प्रौढांसाठी सुरू झाला; २०१८ मध्ये त्यातील अग्रगण्य कंपनीने मिश्र दातांच्या मुलांसाठी वेगळा प्रकार बाजारात आणला. बाजार विस्तारायचा तर वय खाली आणणे हा एक राजमार्ग आहे. बिनव्याजी हप्त्यांची सोय झाल्यामुळे कारकुनाच्या पगारालाही हा खर्च पेलवेल असे वाटू लागते, आणि आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत दातांचे असे उपचार वगळलेले असल्याने विमा कंपनीचा अधिकारीही 'हे कशासाठी?' असे विचारायला येत नाही.

मागणीची बाजूही निर्दोष नाही. मुलीचे दात पुढे आहेत हे वाक्य आपल्याकडे वैद्यकीय निदान म्हणून उच्चारले जात नाही. त्यामागे दहा-पंधरा वर्षांनी येणारा कांदेपोह्यांचा कार्यक्रम उभा असतो. मुलाच्या दातांबद्दल तेच आई-बाप कितीतरी निवांत असतात. ही चिंता खरी आहे, तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण भीती वाटणाऱ्या माणसाला थांबा म्हणणारा डॉक्टर निष्काळजी वाटतो आणि सुरू करा म्हणणारा कर्तव्यदक्ष वाटतो, हेही तितकेच खरे.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला, कारण तेथे अठरा वर्षांखालील मुलांच्या तारांचा खर्च सरकारी आरोग्यसेवा उचलते. पैसे सरकारचे म्हटल्यावर गरज कोणाला, हे ठरविणे भागच पडले. १९८९ साली ब्रुक व शॉ यांनी दातांच्या विषमतेची पाच श्रेणींची मोजपट्टी तयार केली. २००६ पासून वरच्या दोन श्रेणींतील मुले, आणि तिसरीतील ज्यांचे दात दिसायलाही फारच विद्रूप आहेत अशी, एवढ्यांनाच सरकारी खर्चाने उपचार मिळतो. आपल्याकडे पालक स्वतःच्या खिशातून देतात, त्यामुळे अशी मोजपट्टी लावण्याची निकड कोणालाच भासली नाही. भारतीय ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ पासून अस्तित्वात आहे. पालकांना मराठीत वाचता येईल असे, कोणता दोष थांबू शकतो व कोणता थांबू शकत नाही हे सांगणारे एक पानी पत्रक शाळाशाळांत पोचविणे तिच्या आवाक्याबाहेरचे नसावे.

दंतवैद्यांकडून एक आक्षेप येतो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. आठ वर्षांचे मूल सांगितलेले ऐकते. तेराव्या वर्षी शिकवण्या सुरू होतात, मग दहावी येते, आणि उपचार अर्धवट राहतो. शिक्षक म्हणून हा अनुभव नाकारता येणार नाही. परंतु हिशेब मांडून पाहावा. बारा वर्षे म्हणजे इयत्ता सातवी. तारांचा पूर्ण उपचार साधारण दीड ते दोन वर्षे घेतो, म्हणजे सातवीत सुरू केला तर तो नववीत संपतो. दहावीची अडचण येते ती आठव्या वर्षी पहिला टप्पा करून थकलेल्या, आणि दुसऱ्या टप्प्याला कंटाळून तो पुढे ढकलणाऱ्या घरांतच अधिक.

आतापर्यंतचे विवेचन ज्यांना पाच अंकी खर्च परवडतो त्यांचे झाले. याच शहरात दुसरी मुले आहेत, आणि त्यांच्या दातांना लवकर हात लावण्याची गरज कितीतरी मोठी आहे. दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. 'दुधाचे दात पडणारच आहेत, भरायचे कशाला?' हा युक्तिवाद आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परिणाम असा की किडलेली दुधाची दाढ दुखू लागली की काढून टाकली जाते. त्या मोकळ्या जागेत मागची सहाव्या वर्षीची दाढ पुढे कलंडते, तिच्यासाठी जागा राखून ठेवलेल्या उपदाढेची वाट बंद होते, आणि पुढे दात वाकडे येतात. दुधाची दाढ ही नैसर्गिक जागाराखी आहे. ती वेळेवर भरणे, किंवा काढावीच लागली तर त्या ठिकाणी कड्याला जोडलेला तारेचा साधा फास बसवून जागा राखणे, हाच खऱ्या अर्थाने लवकरचा ऑर्थोडॉन्टिक उपचार होय. त्याला फार पैसे लागत नाहीत, आणि त्याची जाहिरातही कोणी करीत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. शाळेतील व अंगणवाडीतील मुलांची तपासणी करून अठरा वर्षांपर्यंतचे दोष हुडकायचे अशी ही योजना, आणि तिच्या यादीत दातांचे विकारही आहेत. पण दोष हुडकल्यानंतर मुलाला पाठवायचे कोठे? ठाणे-कल्याणकडच्या सामान्य पालकाला सार्वजनिक दंत महाविद्यालय म्हटले की मुंबई सेंट्रलजवळचे १९३३ सालचे नायर आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय महाविद्यालय, हीच दोन नावे आठवतात. तेथे तज्ज्ञ आहेत, दरही परवडण्याजोगे आहेत. पण मुंब्र्याहून किंवा टिटवाळ्याहून मुलाला घेऊन महिन्यातून एकदा जायचे म्हणजे रोजंदारीवरच्या आई-बापाचा दिवस बुडतो. दोन वर्षांच्या तारा म्हणजे चोवीस दिवसांची मजुरी. अर्थशास्त्रात याला संधिव्यय म्हणतात. तो पावतीवर कोठेच लिहिलेला नसतो, म्हणून सवलतीचा उपचार स्वस्त भासतो. या घरातील मुलाला दोन टप्प्यांचा सल्ला देणे म्हणजे त्याला उपचार नाकारण्यासारखेच आहे.

पालकांनी स्वतःपुरते काय करावे? उपचार सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. दोन्ही टप्पे मिळून एकूण खर्च व काळ किती, पहिल्या टप्प्यात नेमका कोणता दोष दूर होणार, आणि बारा वर्षांपर्यंत थांबल्यास नेमके काय बिघडणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर उलटी ठेवण, सरकणारा जबडा, भरकटलेला सुळा यांसारखे स्पष्ट असेल तर निश्चिंतपणे सुरू करावे. ते 'लवकर केलेले बरे' एवढेच असेल तर क्ष-किरण चित्रे मागून घेऊन दुसरा सल्ला घ्यावा. त्या चित्रांचे पैसे आपणच दिलेले असतात. यात उद्धटपणा काही नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवून दिले आहे, आणि पर्याय व धोके समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, हेही त्याच न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे.

पण पालकांच्या शहाणपणावर सारे सोपवून महापालिकांना मोकळे होता येणार नाही. ठाणे महापालिका १९८२ मध्ये व कल्याणची १९८३ मध्ये स्थापन झाली. चार दशकांहून अधिक काळ दोघी शाळा चालवीत आल्या आहेत. दुसरी व तिसरीच्या प्रत्येक मुलाचे तोंड एकदा नीट पाहणे, सहाव्या वर्षीच्या दाढांच्या खाचा औषधाने बुजविणे, किडलेल्या दुधाच्या दाढा भरणे, आणि ज्यांना थांबून चालणार नाही अशा थोड्या मुलांची नावे वेगळी काढून त्यांच्यासाठी पालिकेच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस ऑर्थोडॉन्टिस्ट बसविणे, हा काही आवाक्याबाहेरचा खर्च नाही. यातले पहिले काम तर पदवीधर दंतवैद्य, आरसा आणि विजेरी एवढ्यावर होते, आणि असे पदवीधर या शहरांत किती आहेत हे खोपटच्या पाट्याच सांगतात. जूनमध्ये शाळा उघडताच तपासणी झाली, तर दिवाळीच्या सुटीपूर्वी त्या वर्गांच्या दाढा भरून होतील.